यंत्रांचे प्रश्न : स्विच बंद केल्यानंतरची मिनिटं

मागच्या अंकात एका पत्राच्या उत्तरात मी जाता जाता लिहिलं होतं, की यंत्र बंद केलं की लगेच पाठ फिरवू नका. ते पूर्ण थांबेपर्यंत शेजारी उभे राहा आणि ऐका. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देतो आहे.

चालू यंत्राच्या आवाजात मोटरची गुणगुण, पंख्याचा वारा, पट्ट्याची फडफड असं सगळं मिसळलेलं असतं. वीज तुटली की गुणगुण त्याच क्षणी जाते, वारा हळूहळू विरतो, आणि शेवटच्या फेऱ्यांना उरतो तो बेअरिंगचा एकट्याचा आवाज. मी ३२ वर्षं डिचोली-साखळीकडच्या खनिज प्लांटांवर आणि पुढे पंपहाउसांमध्ये देखभालीचं काम केलं. माझी निम्मी निदानं त्या मिनिटांत झालेली आहेत.

प्रश्न : माझी पिठाची गिरण आहे. १० एचपीची मोटर, पट्ट्यावर. बंद केल्यावर पूर्वी दगड दीड मिनिट तरी फिरायचा, आता पाऊण मिनिटात थांबतो. पीठ चांगलं पडतं, अँपिअरही वाढलेले नाहीत. मुलगा म्हणतो, लवकर थांबते ते बरंच झालं. काळजी करावी का? (एक गिरणवाले, पेडणे)

उत्तर : करा, आणि हे वाचताना मुलालाही जवळ बसवा.

अँपिअर का वाढले नाहीत ते आधी सांगतो. १० एचपी म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट. त्यातला बहुतेक जोर दाणा दळण्यात जातो. बेअरिंगचं घर्षण समजा दोनशे वॅटवरून चारशेवर गेलं, तरी दाणा कमी-जास्त पडल्याने काटा जेवढा हलतो तेवढ्यात ते लपून जातं. वीज तोडली आणि दाणा संपलेला असला, की दगडाला अडवायला घर्षणाशिवाय फारसं काही उरत नाही. अशा वेळी थांबायचा वेळ निम्मा झाला याचा अर्थ घर्षण जवळजवळ दुप्पट झालं. अँपिअरच्या काट्याने जे सांगितलं नाही ते हातातल्या घड्याळाने सांगितलं.

आता मोजणी नीट करा. गिरण रिकामी, दगड एकमेकांपासून सोडवलेले, पंधरा मिनिटं चालवून गरम झालेली, आणि दर वेळी अगदी तसंच. सकाळी थंड ग्रीसवर घेतलेला आकडा दुपारच्या आकड्याशी ताडू नका. तीनदा मोजा. मग मेन स्विच खाली, फ्यूज खिशात, आणि पट्टा उतरवा. दगडाचा शाफ्ट हाताने फिरवून बघा. नंतर फ्यूज लावून मोटर नुसतीच चालवा आणि ती किती वेळात थांबते तेही बघा. दोष दगडाच्या बाजूला की मोटरच्या, हे इथेच वेगळं होतं.

पट्टा उतरवताना तो फार ताणलेला होता का, ते लक्षात ठेवा. नवा पट्टा बसवताना पुष्कळ जण तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणतात आणि सगळा भार बेअरिंगवर येतो. दुसरा संशय ग्रीसचा. बेअरिंगच्या घरातली मोकळी जागा एक-तृतीयांश ते निम्मी भरली की पुरे. गच्च भरलं तर गोळ्या ग्रीस घुसळत बसतात आणि तापतात. ताजं ग्रीस भरल्यावर सुरुवातीला वेळ कमी येतो आणि मग पूर्ववत होतो, तो दोष नव्हे. पण तुमच्याकडे पीठ आहे आणि वर आपला पावसाळा आहे. सील झिजलं की पीठ आत शिरतं, दमट हवेत ग्रीसबरोबर त्याची कणीक मळली जाते, आणि पुढे ती वाळून खडा होते. माझा पहिला अंदाज हाच.

मग ऐका. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवा आणि टोक बेअरिंगच्या न फिरणाऱ्या घरावर ठेवा, पट्ट्यापासून दूर, अंगावरचे कपडे आवरून. चांगलं बेअरिंग शेवटपर्यंत एकसारखं सळसळतं. खराब असेल तर शेवटच्या दहा-वीस फेऱ्यांत कर्र, टक्, कर्र असं सुटं सुटं ऐकू येतं. ती गोळी खड्ड्यावरून जात असते. थांबायची तऱ्हाही पाहा. पट्टा उतरवून हाताने फिरवलेलं चाक मोकळ्या बेअरिंगवर असलं की थांबता थांबता थोडं मागे झुलतं, पाळण्यासारखं, आणि मग स्थिरावतं. अडकणाऱ्या बेअरिंगवरचं चाक दम संपेल तिथे गपकन बसतं. पुलीवर खडूने रेघ मारा. पाच वेळा फिरवून रेघ दर वेळी त्याच जागी आली, तर जी बाजू खाली येते ती जड आहे.

हे मला ज्या मेस्तांनी, म्हणजे थोरल्या मिस्त्रींनी, शिकवलं त्यांची आठवण सांगायलाच हवी. १९८७ साली डिचोलीकडच्या एका प्लांटवर मी नवा होतो. तिथल्या जॉ क्रशरला दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची फ्लायव्हील होती. मेस्त रोज संध्याकाळी जबडा रिकामा करून क्रशर बंद करायचे, खिशातलं घड्याळ काढायचे, आणि थांबायला लागलेला वेळ पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचे. ३ मिनिटं ४५ सेकंद. ३-४०. पुन्हा ३-४५. ते रजेवर गेले तेव्हा लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ३-३० लिहिलं, ३-०५ लिहिलं, २-४० लिहिलं. आकडा उतरतो आहे हे मला दिसत होतं, पण क्रशर दगड फोडत होता, म्हणून मी कोणाशी बोललो नाही. अकराव्या दिवशी भर पाळीत बेअरिंग जाम झालं. उघडलं तेव्हा रोलर निळे पडलेले आणि पिंजऱ्याचे तुकडे काळ्या ग्रीसमध्ये रुतलेले. मुंबईहून नवं बेअरिंग येऊन बसेपर्यंत पाच दिवस गेले, आणि मालासाठी आलेल्या बार्ज नदीत रिकाम्या उभ्या होत्या. मेस्त परत आले, दार उघडून त्यांनी आकडे वाचले, आणि मला एक शब्द बोलले नाहीत. ते उघडं दार मी विसरलेलो नाही.

तुमच्या स्टार्टरशेजारी आजच एक कागद चिकटवा. दर शनिवारी एक आकडा, मुलाच्या हातून.

प्रश्न : समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन आहे, सात वर्षं जुनं. कपडे पिळताना शांत चालतं, पण थांबत येताना दहा सेकंद असं थडथडतं की जागा सोडतं. दुरुस्तीवाला म्हणतो मोटर गेली. (एक गृहिणी, म्हापसा)

उत्तर : ताई, मोटर बदलायला इतक्यात होकार देऊ नका. मोटर गेली असती तर मशीन भर वेगात शांत चाललं नसतं.

आतली टाकी स्प्रिंगांवर टांगलेली असते. टांगलेल्या प्रत्येक वस्तूची हलायची आपली एक लय असते. चौकातल्या झोपाळ्याला बरोबर वेळ साधून हलका झोका देत राहिलं की तो केवढा चढतो ते तुम्ही पाहिलं आहे. ड्रममध्ये कपडे एका बाजूला जमलेले असतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एक झोका. मिनिटाला हजार फेऱ्यांवर हे झोके टाकीच्या लयीपेक्षा इतके जलद असतात की टाकी त्यांच्या नादी लागत नाही. वेग उतरत लयीपाशी आला की झोक्यावर झोका बसतो. चढतानाही ड्रम त्याच वेगातून गेलेला असतो, पण तेव्हा मोटरने त्याला ढकलून चटकन पार नेलेलं असतं. उतरताना ढकलणारं कोणी नसतं, ड्रम तिथे रेंगाळतो आणि थडथड वाढते.

थोडी थडथड प्रत्येक मशीनला असते. तुमची वाढली असेल तर टाकीखालचे डँपर, म्हणजे हादरे शोषणारे दांडे, तपासून घ्या. मशीन बंद करून दार उघडा, ड्रमची कड हाताने खाली दाबा आणि सोडा. एक-दोन हेलकाव्यांत ती शांत व्हायला हवी. चार-पाच हेलकावे खाल्ले तर डँपर झिजले. ते मोटरच्या मानाने पुष्कळ स्वस्त असतात. दुसरं, आपल्याकडे मशीन बहुधा न्हाणीत नाहीतर मागच्या पडवीत असतं आणि तिथल्या जमिनीला पाण्यासाठी उतार असतो. चारही पाय टेकलेत का पाहा, पायांचे नट आवळा. आणि एकटी जाड चादर कधी पिळायला टाकू नका, सोबत दोन टॉवेल द्या.

प्रश्न : कुळागरातल्या विहिरीचं पाणी वर डोंगरावरच्या टाकीत चढवतो. ५ एचपीचा मोनोब्लॉक, ऑटो स्टार्टर. लाईट गेली की पंप थांबतो आणि मग उलटा फिरू लागतो, चांगला जोरात. गेल्या महिन्यात तसा फिरत असतानाच लाईट आली आणि शाफ्ट तुटला. कंपनीचा माल खराब म्हणायचा का? (एक बागायतदार, सावईवेरे)

उत्तर : मालाला दोष देण्याआधी तुमच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हकडे, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेकडे, जाऊ. पंप उलटा फिरतो म्हणजे टाकीकडचं पाणी पाइपातून खाली येऊन इंपेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, फिरवतं आहे. तुमचा पंप तेवढा वेळ टर्बाइन झालेला असतो. उंची भरपूर असली तर हा उलटा वेग सुलट्यापेक्षाही जास्त होऊ शकतो. पाणी मागे येतं याचा अर्थ डिलिव्हरीवरचा व्हॉल्व्ह आणि विहिरीतला फूट व्हॉल्व्ह दोन्ही धरत नाहीत. कुळागरात याचं कारण बहुधा सोपं असतं: सुपारीच्या सोलाचे धागे, पान, वाळूचा खडा झडपेखाली अडकलेला. उघडून पुसा, रबर चिरलं असेल तर बदला.

शाफ्ट का तुटला? मोटर उलटी फिरत असताना तिला सुलटी वीज मिळाली. तिने आधी तो उलटा वेग मारायचा, मग शून्यातून सुरुवात करायची. तेवढा वेळ सुरुवातीचा प्रचंड करंट वाहत राहतो आणि सगळा पीळ इंपेलरच्या मागच्या बारीक भागावर येतो. 

आणि पाणी मागे येत नसलं तरी आपल्या पावसाळ्यातली एक गोष्ट मोटरला घातक आहे. माडाची झावळी तारेवर आदळते, लाईट डोळा मिचकावल्यासारखी जाते आणि अर्ध्या सेकंदात परत येते. तेवढ्यात मोटर थांबलेली नसते आणि तिच्या आतलं चुंबकत्वही पुरतं विझलेलं नसतं, मात्र बाहेरच्या विजेशी असलेला तिचा ताल सुटलेला असतो. ताल सुटलेल्या मोटरला पुन्हा वीज जोडणं म्हणजे धावत्या बैलाला एकदम दुसऱ्या दिशेला हिसका देणं. कपलिंग फाटतात, वाइंडिंग हलतं. म्हणून ऑटो स्टार्टरला उशिराचा टायमर घालून घ्या. लाईट आल्यावर तीन मिनिटं थांबून मगच पंप सुरू होऊ दे. कुडाळपासून काणकोणपर्यंत ज्या ज्या ओळखीच्या बागेत गेलो तिथे मी हे सांगत आलो आहे.

तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण थांबताना पाइपात ‘धाड्’ असा आवाज येतो का? छोट्या पंपाचं वजन कमी, तो चटकन थांबतो. पाण्याचा लांब स्तंभ मात्र आधी पुढे जातो आणि मग मागे फिरतो. झडप उशिरा मिटली की मागे आलेलं पाणी तिच्यावर आदळतं. तसं असेल तर स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह बसवा, तो पाणी मागे फिरण्याआधीच मिटतो. मोठ्या पाणीयोजनांत यासाठी काही पंपांवर मुद्दाम जड फ्लायव्हील चढवतात, म्हणजे वीज गेली तरी पंप सावकाश थांबतो आणि पाण्यालाही सावकाश थांबू देतो.

प्रश्न : माझ्या वर्कशॉपमध्ये गोल करवत आहे. बंद केल्यावर मिनिटभर फिरते. पोरं घाईत असतात, लाकडाची फळी पात्याला बाजूने दाबून थांबवतात. काही तोटा आहे का? (एक सुतार, कुडचडे)

उत्तर : आजपासून बंद करा. १२ इंची पातं ३००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याच्या दाताचा वेग तासाला साधारण १७० किलोमीटर असतो. वेग पाव झाला, डोळ्यांना पातं थांबत आलं असं वाटलं, तरी दात ताशी ४० किलोमीटरच्या वर असतो. बाजूने दाबलेल्या फळीने पातं वाकतं, तापतं, आणि टोकाला बसवलेला कार्बाइडचा दात उडाला तर तो कोणाच्या डोळ्यात जाईल ते सांगता येत नाही.

याहून वाईट गोष्ट उजेडाची आहे. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सहा आऱ्यांची पुली थांबता थांबता मिनिटाला १००० फेऱ्यांपाशी आली, की सेकंदाला बरोबर १०० आरे नजरेसमोरून जातात आणि पुली काही क्षण स्थिर उभी दिसते. आमच्या वर्कशॉपमध्ये एकाने अशी ‘थांबलेली’ पुली पाहून पट्टा सरळ करायला हात घातला. दोन बोटं गेली. मी शेजारच्या टेबलावर होतो. तो ओरडला नाही, हाताकडे बघत राहिला.

ब्रेक असलेली मोटर घ्या, किंवा आहे त्या मोटरला डीसी ब्रेकिंगचं युनिट जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. फेज उलटवून थांबवायच्या भानगडीत पडू नका, पात्याचा नट त्याने सैल होतो. ट्यूब काढून चांगल्या ड्रायव्हरचे एलईडी लावा. आणि पातं थांबलं की नाही हे नजरेने ठरवायचं नाही: मेन स्विच खाली, मनात पूर्ण शंभर मोजायचे, मग हात.

प्रश्न : हॉटेलच्या गच्चीवर स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट ब्लोअर आहे. खालच्या खोल्या हादरतात. मोटरवाला म्हणतो पंखा बॅलन्स करा, पंखेवाला म्हणतो मोटर बदला. दोघांत मी अडकलो आहे. (एक मेंटेनन्स टेक्निशियन, कळंगुट)

उत्तर : दोघांनाही न बोलावता एका रात्रीत निकाल लागेल. स्वयंपाकघर बंद झाल्यावर वर जा. ब्लोअरच्या लोखंडी चौकटीवर स्टीलची वाटी ठेवा, निम्मी पाण्याने भरलेली. ब्लोअर भर वेगात असताना पाण्यावरचे तरंग बघा. मग सोबत्याला स्विच तोडायला सांगा आणि नजर वाटीवरून हलवू नका.

तरंग स्विचबरोबर त्याच क्षणी गेले आणि पंखा अजून फिरतोच आहे, तर दोष विजेचा: मोटरच्या आत रोटर मध्यावर नाही, किंवा वाइंडिंगमध्ये काही आहे. तरंग वेगाबरोबर हळूहळू कमी होत गेले तर पंखा एका बाजूला जड आहे. असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, निम्म्या वेगाला तो पावच उरतो, म्हणून तरंग वेगापेक्षाही लवकर शांत होतात. तिसरी शक्यता: आधी कमी होतील आणि मध्येच कुठेतरी उसळून पाणी सांडेल, मग पुन्हा शांत. तसं झालं तर त्या वेगाला तुमची चौकट किंवा गच्चीचा स्लॅब लयीत येतो आहे. पायाचे बोल्ट आणि रबरी पॅड पाहा. तीनदा करा, तिन्ही वेळा तेच दिसलं तर खात्री.

ब्लोअरला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, असेल तर आधी त्याच्या सेटिंगमध्ये थांबण्याची पद्धत ‘कोस्ट’ (वीज तोडून आपोआप थांबू देणं) करा. नाहीतर ड्राइव्ह मोटरला वीज देत देत खाली आणतो आणि परीक्षेला अर्थ राहत नाही.

माझा कौल तुम्हाला हवा असेल तर पंखा. स्वयंपाकघराच्या ब्लोअरच्या पात्यांवर तेलाचा चिकट थर बसतो, त्याचे पोपडे सुटतात, आणि एका पात्याचा पोपडा पडला की समोरचं पातं जड ठरतं. बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी पाती खरवडून धुवा. पण पंख्याला हात लावण्याआधी आयसोलेटरला, म्हणजे वीज तोडणाऱ्या स्विचला, कुलूप घाला आणि पातं दोरीने बांधा. तुमच्याकडे समुद्राचा वारा आहे. डक्टमधून शिरलेला वारा बंद पंखाही फिरवतो, कधी उलटा.

प्रश्न : कॉलेजच्या सहलीत औष्णिक वीजकेंद्र पाहिलं. टर्बाइन बंद केल्यावरही ते तासन्‌तास हळूहळू फिरवत ठेवतात असं सांगितलं. थांबू दिलं तर काय बिघडेल? आणि ‘क्रिटिकल वेग’ म्हणजे काय? (एक विद्यार्थी, फर्मागुडी)

उत्तर : रोटर वाकेल. वाफ तोडल्यावर ३००० फेऱ्यांवरून मोठा रोटर थांबायला अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त लागतो, आणि थांबतो तेव्हा तो तापलेलाच असतो. आवरणाच्या आत गरम हवा वर चढते, म्हणून रोटरची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा गरम राहते, जास्त प्रसरण पावते, आणि कित्येक टनांचा तो शाफ्ट कमानीसारखा वर उचलला जातो. मिलिमीटरच्या एका छोट्या अंशाची कमानही पुढच्या वेळी सुरू करताना पाती आवरणाला घासायला पुरते. म्हणून बॅरिंग गिअरने, म्हणजे रोटर हळू फिरवत ठेवणाऱ्या वेगळ्या यंत्रणेने, तो मिनिटाला थोडेच फेरे फिरवत ठेवायचा, सगळ्या बाजू सारख्या निवेपर्यंत. निखाऱ्यावर पापड शेकताना आपण तो फिरवत ठेवतो तसंच.

त्या अर्ध्या तासात आणखी एक धोका असतो. हे रोटर गोळ्यांच्या बेअरिंगवर नसतात, तेलाच्या पातळ थरावर तरंगतात. तो थर रोटरच्या वेगानेच तयार होतो. वेग उतरला की थर विरळ होतो आणि पोलाद थेट पांढऱ्या धातूवर, म्हणजे बेअरिंगच्या मऊ अस्तरावर, टेकू पाहतं. म्हणून खालून दाबाने तेल सोडून रोटर उचलून धरतात. केंद्राची वीजच गेली तर बॅटरीवर चालणारा तेलाचा पंप आपोआप सुरू व्हायलाच हवा. तो झाला नाही तर अस्तर वितळून जातं.

तुम्ही क्रिटिकल वेगाबद्दलही विचारलं आहे. वर म्हापशाच्या ताईंना टाकीची जी लय सांगितली तीच ही, फक्त इथे शाफ्ट स्वतः वाकून लयीत येतो. १८६९ साली अभियंते रँकिन यांनी फिरत्या शाफ्टवर लेख लिहिला आणि त्या वेगाच्या वर शाफ्ट चालूच शकणार नाही असं मांडलं. पुढच्या वीसेक वर्षांत स्वीडनच्या दे लाव्हाल यांनी मुद्दाम बारीक, लवचीक शाफ्ट घेऊन त्याच्या पुष्कळ वर टर्बाइन चालवलं. क्रिटिकल वेग पार केला की रोटर आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागतो आणि शांत होतो. १९१९ साली जेफकॉट यांनी याचं गणित नीट बसवून दिलं. आजही मोठं टर्बाइन थांबताना कंपनाचा आलेख काढतात, आणि क्रिटिकल वेगाला आलेलं शिखर मागच्या वेळेपेक्षा उंच आहे का, सरकलं आहे का, ते पाहतात. आमच्या मेस्तांच्या खडूच्या आकड्यांचंच ते मोठं रूप.

२६ एप्रिल १९८६च्या रात्री चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीवर चालू असलेली चाचणी याच विषयाची होती, हे तुमच्या पिढीला ठाऊक असावं. वाफ तोडल्यावर टर्बाइन थांबता थांबता जी वीज देतं, ती डिझेल जनरेटर भार घेईपर्यंतच्या मिनिटभरात पंप चालवायला पुरेल का, एवढंच पाहायचं होतं. अणुभट्टी त्याआधीच अत्यंत अस्थिर अवस्थेत आणून ठेवली होती आणि तिच्या रचनेतही गंभीर दोष होते. अनर्थ त्यातून झाला. मूळ प्रश्न मात्र खरा आणि गरजेचा होता. दाबाखालच्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत शीतकाच्या पंपांवर जड फ्लायव्हील बसवतात ती त्यासाठीच: वीज गेली तरी पंप फिरत राहावा आणि गाभ्याला तेवढा वेळ पाणी मिळावं.

प्रश्न : काका, पंखा बंद केला की आधी पटकन मंद होतो, पण शेवटचे फेरे संपतच नाहीत. असं का? (इयत्ता आठवी, वाळपई)

उत्तर : किती छान पाहिलंस! पंख्याला दोघं जण अडवतात, हवा आणि बेअरिंग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने बदलतो. वेग निम्मा झाला की तो पाव होतो, वेग पाव झाला की सोळावा भाग. म्हणून सुरुवातीला हवा जोरात अडवते आणि पुढे जवळजवळ सोडून देते. बेअरिंग मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत साधारण तेवढंच अडवत राहतं.

तू हे मोजू शकतोस. मेन स्विच बंद करून घरातल्या मोठ्या माणसाकडून एका पात्यावर लाल कागदाची पट्टी चिकटवून घे. पंखा पूर्ण वेगात सोड, बंद कर, आणि फोनवर संथ गतीचा व्हिडिओ काढ. त्यावरून पूर्ण वेगापासून निम्म्यावर यायला किती सेकंद लागले ते काढ. मग निम्म्यापासून पावावर, पावापासून आठव्या भागावर. एकटी हवाच अडवत असती तर प्रत्येक टप्प्याला आधीच्या दुप्पट वेळ लागला असता. तुझ्या आकड्यांत हे दुप्पट होणं एका ठिकाणी मोडेल. तिथून पुढे पंखा बेअरिंगच्या हातात गेला असं समज.

हेच चतुर्थीनंतर पुन्हा एकदा मोज आणि दोन्ही वेळचे आकडे मला पत्राने पाठव. माझ्या खोलीतला पंखा जुना आहे, त्याचेही मी काढून ठेवतो.